वाचकांचे प्रश्न : झूमवरच्या कथकात सम का हुकते?

प्रश्न : आम्ही डब्लिनला राहतो, लेक पुण्याच्या ताईंकडे झूमवर कथक शिकते. इथे माझ्यासमोर ती बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते, पण ताई म्हणतात मागे पडतेय. पोर रडकुंडीला आलीये. चुकतंय कोण?

उत्तर : दोघीही नाही हो. ताई तिकडे ठेका (तबल्याचा ताल) लावतात तो तुमच्याकडे उशिरा पोचतो, लेक जे ऐकते त्यावर बरोबर नाचते आणि तिचं नाचणं परत जाताना आणखी उशीर, म्हणून ताईंना ती मागे दिसते. डब्लिन-पुणे सात-आठ हजार किलोमीटर, केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे नेट कितीही भारी घ्या थोडा उशीर राहणारच, वर कॅमेरा, झूमचं प्रोसेसिंग धरून जाऊन-येऊन पाव सेकंद सहज जातो. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या तीनतालात ते खपून जातं. पण मिनिटाला 240 मात्रांची लय असेल तर पाव सेकंद म्हणजे अख्खी एक मात्रा! लेक समेवर आलेली दिसते तेव्हा ताईंचा ठेका दुसऱ्या मात्रेवर गेलेला असतो.

म्हणून लेहरा (नाचासोबत पुन्हापुन्हा वाजणारी धून) तुमच्याच घरी लावा, दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर, इअरफोन नको, म्हणजे लेहरा आणि पाय एकाच माइकमधून जातील आणि ताईंना उशिरा का होईना पण एकत्र ऐकू येतील. झूम घुंगरांना गोंगाट समजून दाबतं, तेव्हा सेटिंगमधलं 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' ऑन करा. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, ताईंनी आधी करावी, मग लेकीने स्वतः बोल म्हणत नाचावं, दोघींनी एकदम नको. तत्काराचा, म्हणजे पायांच्या कामाचा, वेगळा व्हिडिओ पाठवा, फोन जमिनीलगत ठेवून, सेकंदाला 60 फ्रेम्सवर. अर्ध्या स्पीडला टाच कधी पडते ते स्वच्छ दिसतं. आणि हे ताईंशी लवकर बोला, आपल्याला लयच नाही असं एकदा मुलीच्या मनात बसलं की काढणं फार अवघड, मला काळजी त्याचीच वाटते.

प्रश्न : मी कोल्हापूरची, भरतनाट्यम शिकते. माझ्या गुरूंचं वय झालंय, त्यांचा नाच मोशन कॅप्चरने, म्हणजे हालचाली कॉम्प्युटरवर टिपून, जपता येईल का?

उत्तर : थोडाफार. अमेरिकेचे नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम सत्तरीत लाइफफॉर्म्स नावाच्या सॉफ्टवेअरवर हालचाली रचायला लागले, आणि 1999 च्या 'बायपेड' या त्यांच्या नृत्यात नर्तकांच्या अंगावर मार्कर लावून टिपलेल्या हालचालींवरून केलेल्या आकृत्या स्टेजपुढच्या पारदर्शक पडद्यावर, खऱ्या नर्तकांसोबत नाचल्या. पण मार्करवरून मिळते ती सांध्यांची हालचाल, बोटांच्या मुद्रांना जास्तीचे मार्कर लागतात आणि डोळ्यांतला भाव तर हातीच येत नाही. तुमच्या गुरूंचा अभिनय राखायचा असेल तर साधे दोन कॅमेरे घ्या, एक चेहऱ्यावर, एक पूर्ण अंगावर. वर्णमची (भरतनाट्यममधल्या मोठ्या रचनेची) एकच ओळ त्यांच्याकडून चार तऱ्हांनी करून घ्या, मध्ये थांबून त्या जे बोलतील तेही रेकॉर्ड करा, आणि कॉपी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. याच महिन्यात सुरू करा.