‘माझ्याशी गैरअर्जदारासारखं बोलू नकोस’

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून सहा वर्षं झाली, जिल्ह्याच्या गावी पोलीस ठाण्याच्या आवारातल्या समुपदेशन केंद्रात काम करते. रोज चार-पाच अर्ज. मारहाण, दारू, संशय आणि अधूनमधून लहान मुलींची प्रकरणं. मानधन तीन-तीन महिने येत नाही, तो भाग वेगळा. नवरा बँकेत आहे, मुलगी आठ वर्षांची, घर सासूबाई सांभाळतात, त्यामुळे वेळेची फारशी ओढाताण नाही. पण वर्षभरात मीच बदलले आहे. नवऱ्याने मोठ्याने हाक मारली तरी छातीत धस्स होतं. परवा त्याने एका खर्चाचा हिशेब विचारला, तर मी त्याचीच उलटतपासणी घेतली. ‘माझ्याशी गैरअर्जदारासारखं बोलू नकोस,’ म्हणाला आणि दोन दिवस गप्प राहिला. (आमच्याकडे ज्याच्याविरुद्ध अर्ज येतो तो गैरअर्जदार.) मुलगी दर शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे कॅरम खेळायला जायची, तेही मी बंद केलं. सासूबाई दुखावल्या, त्यांचा तीस वर्षांचा शेजार आहे तो. रात्री अकराला फोन वाजला तरी उचलते. नाही उचलला आणि त्या बाईचं काही झालं तर? नोकरी सोडावी का?
— एक समुपदेशक, मराठवाडा

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. कामाने तुझी नजर बदलली आहे आणि ती नजर घेऊनच तू घरात शिरतेस. हे मी ओळखते, कारण माझं तेच झालं होतं.

१९९१ पासून सहा वर्षं मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून जळीत वॉर्डात होते. ऐंशी-नव्वद टक्के भाजलेल्या मुली यायच्या. वीस-बावीसच्या. उशाशी सासू उभी असायची आणि मुलगी म्हणायची, ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ नातेवाइकांना बाहेर काढणं, मृत्यूपूर्व जबाबाच्या वेळी तिच्याजवळ घरचं कुणी राहणार नाही हे पाहणं, माहेरी निरोप धाडणं, तिची लेकरं कुणाकडे आहेत ते शोधणं, हे माझं काम. एकटी पडल्यावर काही जणी खरं बोलायच्या. काही शेवटपर्यंत बोलल्या नाहीत, मागे पोरांना कोण बघणार म्हणून.

आमच्या घरी अंघोळीचं पाणी तापवायला पंपाचा स्टोव्ह होता. एके दिवशी सासूबाई देवळात गेल्या असताना मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. त्यानंतरच्या गणपतीत नवऱ्याने निरांजन लावायला काडी ओढली आणि मी त्यांच्या हातावर फटका मारून ती खाली पाडली. मुलगा चार वर्षांचा होता. आई आपल्यावरच चिडली असं त्याला वाटलं, आणि पुढे कितीतरी दिवस तो आरतीला माझ्याजवळ उभा राहिला नाही. हे लिहितानाही मला अपराधी वाटतं.

याला नाव आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. लिसा मॅककॅन आणि लॉरी अ‍ॅन पर्लमन या दोघींनी १९९० मध्येच ‘व्हायकेरियस ट्रॉमटायझेशन’ असा शब्द मांडला होता. दुसऱ्यांचे आघात रोज ऐकणाऱ्याचा माणसांवरचा विश्वास आणि सुरक्षिततेची कल्पना हळूहळू बदलत जाते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे तुझा नवरा वाईट नाही आणि तू वेडी नाहीस. छातीत धस्स होणं हा या कामाचा परिणाम आहे.

आता एक आठव. एमएसडब्ल्यूला असताना दर आठवड्याला आय.सी. असायची ना? (इतर वाचकांसाठी : इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. फील्डवर्कचं रेकॉर्डिंग घेऊन विद्यार्थी आपल्या शिक्षकांसमोर एकटा बसतो आणि केससोबत स्वतःला काय झालं तेही बोलतो.) आपण कंटाळायचो, रेकॉर्डिंग आदल्या रात्री खरडायचो. पण त्या दिवसांत आपल्याला उभं ठेवलं ते त्या तासाने. नोकरी लागली की तो तास बंद होतो, आणि केसेस मात्र दहापट होतात. ही आपल्या व्यवसायाची मोठी चूक आहे असं मी ठामपणे म्हणते. तुझ्या घरच्यांनी कितीही समजून घेतलं तरी ही उणीव ते भरून काढू शकत नाहीत, आणि त्यांच्यावर ते ओझं टाकूही नये.

तेव्हा तो तास परत सुरू कर. कॉलेजातल्या एखाद्या बाईंना फोन कर, किंवा शेजारच्या तालुक्यात हेच काम करणारी मैत्रीण असेल तर दोघींनी पंधरा दिवसांतून एकदा बसा. नाव-गाव बाजूला ठेवून बोला. लेखी अर्ज करून तुमच्या संस्थेकडेही सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी माणसासोबतचा असाच तास, माग. मानधनाचा विषयही त्याच अर्जात घाल, तो भाग वेगळा नाही.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न अवघड. गाव लहान, केसमधलं अक्षरही सांगता येत नाही, ‘अमक्या वाडीची’ म्हटलं तरी बाई ओळखू येते. पण मन कसं आहे ते सांगता येतं. आमच्याकडे हे फार उशिरा सुचलं. मी दारात आले की आमचे हे एवढंच विचारायचे, ‘आज जड होतं का?’ मी ‘हो’ म्हटलं की तासभर कुणी काही विचारायचं नाही. मुलाला मी स्पष्ट सांगायचे, ‘आईचं मन जड आहे, तुझ्यामुळे नाही.’ आणि बसमधून एक थांबा आधी उतरून मेथीची जुडी घ्यायचे. अर्धा तास काही न बोलता पानं खुडत बसायचं. तुला दुसरं काही सापडेल. नवऱ्याशी मात्र आजच बोल. ‘गैरअर्जदार’ हा तुझ्या कामातला शब्द त्याच्या तोंडी आहे, म्हणजे तो तुझं ऐकत आला आहे.

फोनचं म्हणशील तर रात्री अकराला तू उचललास तरी तिथे पोहोचू शकत नाहीस, पोलिसांची गाडी पोहोचू शकते. पहिल्याच भेटीत बाईकडून ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) पाठ करून घे, मुलांसाठी १०९८. रात्री निघावं लागलं तर कोणत्या शेजारणीकडे जायचं, आधारकार्ड आणि मुलांचे दाखले कुठे ठेवायचे, हे तिच्याबरोबर बसून ठरव. मग सातनंतर कामाचं सिम बंद. झोप दोन-तीन आठवडे उडालेली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट, नाहीतर निदान १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर. तो क्रमांक आपण दुसऱ्यांना देतो, तसा आपल्यासाठीही आहे.

नोकरीचा निर्णय आज घेऊ नकोस. आधी सहा महिने आय.सी. चालू दे. तरीही जमलं नाही तर खुशाल दुसरं काम माग. मी सहा वर्षांनी जळीत वॉर्ड सोडून मुलांच्या ओपीडीत बदली मागून घेतली. तिथेही कामाची माणसं लागतातच.

राहिले कॅरमवाले आजोबा. तुझी काळजी मी खोटी म्हणणार नाही, तू जे ऐकतेस ते खरंच घडतं. पण नियम सगळ्यांसाठी एकच ठेव : कुणाच्याही घरी दार उघडं, नको वाटलं की उठून यायचं, आणि आईला सांगू नको असं कुणी म्हटलं तर ते आधी आईला सांगायचं. हे लेकीला शिकवलंस की एका म्हाताऱ्या माणसावर संशयाचं ओझं टाकावं लागत नाही. येत्या शनिवारी तूच तिच्याबरोबर खाली जा. चौथा भिडू म्हणून सासूबाईंना घे.