थंड देशात ल्युपस घेऊन जाताना

तू विचारलंस, "ताई, दोन वर्षांपूर्वी ल्युपसचं निदान झालंय, गालांवरचे चट्टे उन्हाने वाढतात. मार्चअखेर नवऱ्यासोबत कॅनडात, कॅलगरीला जायचंय. तिथे थंडी, ऊन कमी, मग त्रास कमी होईल ना? आणि ओट्याचे दगड कापून बसवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनचं काम मिळतंय, ते घेऊ का?"

मलाही ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, आहे आणि मी कॅनडात बरीच वर्षं राहते, म्हणून सविस्तर लिहिते. जायला काहीच हरकत नाही. पण "थंडी म्हणजे सुरक्षित" हे आधी मनातून काढ. आपला आजार उसळतो तो उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांनी, उष्णतेने नाही. हे किरण त्वचेच्या पेशी मारतात. एरवी पेशीच्या आत दडलेली प्रथिनं त्यामुळे बाहेर येतात आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांच्यावरच तुटून पडते. बाहेर शून्य अंश असलं तरी हे घडतं, आणि अंगाला चटका बसत नाही म्हणून आपण सावलीत जात नाही.

कॅलगरी कॅनडातल्या भरपूर सूर्यप्रकाशाच्या शहरांपैकी एक आहे. समुद्रसपाटीपासून ते हजार मीटरहून थोडं उंच आहे, आणि दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. डिसेंबर-जानेवारीत सूर्य इतका खाली असतो की फारशी चिंता नसते. उन्हाळ्यात सगळेच सावध असतात. मला खरी भीती वाटते ती तू जाणार आहेस त्या दिवसांची. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य वर चढलेला असतो आणि जमिनीवर अजून बर्फ पडतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो; गवत १० टक्केही फेकत नाही. म्हणजे ऊन खालूनही येतं आणि टोपी तिथे उपयोगी पडत नाही. हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालच्या कडेला, कानांच्या पाळ्यांमागे सनस्क्रीन लावायला विसरू नकोस, आणि गळ्याभोवती पातळ स्कार्फ ठेव.

पातळ ढगांमधूनही बरेचसे किरण खाली पोचतात, म्हणून आभाळाकडे पाहून ठरवू नकोस, यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, पाहा. ही मोजणी १९९२ साली कॅनडातच सुरू झाली आणि तिथल्या हवामान अंदाजात रोज दिलेली असते. ३ किंवा अधिक असेल तर साध्या माणसानेही काळजी घ्यायची असते. आपण त्याखालीही बाही लांब ठेवावी. फोन हाताशी नसेल तर सावली बघ. ती तुझ्या उंचीपेक्षा आखूड असेल तर आत जा.

घड्याळाचीही एक गंमत लक्षात ठेव. उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, शिवाय कॅलगरी तिथल्या वेळपट्ट्यात पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दीडच्या पुढे. बारा वाजता "भर दुपार सरली" असं समजून बाहेर पडू नकोस. उलट जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर मावळणाऱ्या सूर्यामुळे संध्याकाळी सातनंतर मोकळेपणाने फिरता येतं. घरात कोंडून घेण्यापेक्षा ही वेळ आपली करून घे.

काचेचं काय? अतिनील किरणांचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बराचसा आत येतो, आणि ल्युपस दोन्हींनी उसळू शकतो. गाडीची पुढची काच बहुतेक यूव्हीए थोपवते, बाजूच्या काचा तितक्या नाही. तिथे चालक डावीकडे बसतो, म्हणून डावा हात आणि डावा गाल जप. विमानातही खिडकीची जागा मागू नकोस.

सनस्क्रीन ५० एसपीएफचं, यूव्हीए अडवणारं घे, आणि हात आखडता घेऊ नकोस. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघा भरतील एवढं लागतं, दर दोन तासांनी पुन्हा. आपल्या सावळ्या कातडीवर चट्टे गेल्यावर काळे डाग राहतात. त्यासाठी आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंग असलेलं क्रीम चांगलं. ते दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं आणि पांढरं दिसत नाही.

पुरळ लगेच येईलच असं नाही. कित्येकदा आठवडा उलटल्यावर उठतं आणि महिनाभर राहतं, त्यामुळे कारण हाती लागत नाही. कुठे गेलो, किती वेळ, हे थोडक्यात लिहून ठेव. आणि चट्टा उठला की चांगल्या उजेडात फोटो काढ. फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ सहसा मिळत नाही आणि भेटीला महिने लागतात. तोवर चट्टा गेलेला असतो. शिवाय सावळ्या त्वचेवर तो लाल नाही, जांभळट-तपकिरी दिसतो, आणि गोऱ्या रुग्णांची सवय असलेल्या डॉक्टरच्या नजरेतून सुटू शकतो.

आता नोकरी. ऑफिसात बसून चित्रं काढायची असतील तर घे. पण कापणी चालते त्या शेडमध्ये टेबल असेल तर स्पष्ट नाही म्हण. ओट्याच्या कृत्रिम दगडात सिलिका (वाळूत असतं ते खनिज) ९० टक्क्यांहूनही जास्त असू शकते, आणि सिलिकाच्या बारीक धुळीचा ल्युपसशी असलेला संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. फुप्फुसांचं नुकसान तर वेगळंच. ऑस्ट्रेलियाने या दगडावर जुलै २०२४ पासून बंदी घातली ती त्यामुळेच. मुलाखतीतच विचार, कापणी ओली होते का, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आहे का, माझी जागा कुठे.

तंबाखूचा धूरही तितकाच वाईट. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये त्वचेचा ल्युपस जास्त चिवट असतो आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा, म्हणजे ल्युपसवरच्या नेहमीच्या गोळीचा, गुण कमी येतो. घरात कोणी ओढत असेल तर हे निमित्त पुरेसं आहे.

थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील तर दोन थरांचे हातमोजे घाल. ऊन टाळतो म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडतं. निघण्यापूर्वी रक्त तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घे. अनोळखी क्लिनिकमध्ये कुठलंही औषध घेताना "मला ल्युपस आहे" हे पहिलं वाक्य असू दे. सल्फाची प्रतिजैविकं, रक्तदाबाचं हायड्रोक्लोरोथायाझाइड, नखांच्या बुरशीवरचं टर्बिनाफिन यांनी आजार उसळू शकतो.

निघण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घे, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे पुढे काही बदल झाला तर तुलना करता येईल. बायोप्सी, ल्युपससाठीच्या रक्तचाचण्या (एएनए, अँटी-रो, सी३-सी४) आणि लघवीतल्या प्रथिनांचे रिपोर्ट इंग्रजीत, छापील घे. स्वतःपुरती औषधं जास्तीत जास्त ९० दिवसांची नेता येतात, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसकट. ती हातातल्या बॅगेत ठेव. पोचल्या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरसाठी नाव नोंदव आणि संधिवाततज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी पहिल्याच भेटीत माग. तीन महिन्यांचा साठा संपायच्या आत ती भेट मिळेलच असं नाही, म्हणून मधल्या काळात गोळ्या लिहून देण्याचंही त्याच डॉक्टरांशी बोलून ठेव.