ईश्वराचा अनुभव आल्यावर माणूस खरोखर बदलतो का?

ईश्वराचा अनुभव आल्यावर माणूस खरोखर बदलतो का, आणि तो अनुभव इतरांना सांगावा की मनातच ठेवावा, असे आपण विचारले आहे. मी बडोद्याचा, या प्रश्नाचा विचार करताना मला आमच्याच गावात घडलेली एक गोष्ट फार मोलाची वाटते.

क्रांतिकारक आणि पुढे योगी म्हणून प्रसिद्ध झालेल्या श्रीअरविंदांनी (अरविंद घोष) १८९३ पासून तेरा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी केली. पुढे १९०८ च्या जानेवारीत ते येथे पुन्हा आले असता विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यांसह सरदार मजुमदारांच्या वाड्यातील माडीवरच्या खोलीत तीन दिवस साधनेस बसले. विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्यापूर्वीच परतवून लावावेत, एवढीच लेल्यांची शिकवण होती, आणि तेवढ्याने श्रीअरविंदांचे मन पूर्ण निःशब्द झाले. त्यानंतर मुंबईत भाषण होते, पण मनात एकही विचार उमटेना. तेव्हा श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, वाणी आपोआप येईल, असे लेल्यांनी सांगितले आणि तसेच घडले.

त्याच वर्षी मे महिन्यात बॉम्ब-कटाच्या आरोपावरून श्रीअरविंदांना अटक झाली. कोलकात्यातील अलीपूरच्या तुरुंगातील भिंतींत, झाडात, चोर-दरोडेखोरांत, इतकेच नव्हे तर खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलातही आपल्याला वासुदेव दिसला, असे त्यांनी सुटकेनंतर ३० मे १९०९ रोजी कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे जाहीरपणे सांगितले. झाडात देव पाहणे एक वेळ सोपे. पण आपल्याला शिक्षा व्हावी म्हणून जो झटतो आहे त्याच्यात तो दिसणे, हीच मला खऱ्या पालटाची खूण वाटते.

माझा अनुभव यापुढे फार लहान आहे. आईच्या अखेरच्या आजारात रात्री तिच्या उशाशी नामस्मरण करीत असताना, खोलीत आम्हा दोघांखेरीज आणखी कोणी आहे, याची मला निःसंशय जाणीव झाली. दिसले काही नाही, ऐकूही आले नाही. परंतु मरणाचे भय त्या रात्री गेले ते गेलेच, आणि घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी तुटलेले बोलणे तिच्या तेराव्याच्या आधीच मी आपणहून सुरू केले. भाऊ त्या दिवशी काही बोलला नाही, फक्त पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसला.

सांगण्याविषयी म्हणाल, तर सांगावे, मात्र विचारणाऱ्यालाच सांगावे, आणि आपल्यात काय बदलले तेवढेच सांगावे. पत्नी गेल्यावर खचलेल्या एका सहकाऱ्याने, तुम्ही आईनंतर इतके शांत कसे राहिलात, असे विचारले तेव्हा मी त्याला हे सर्व सांगितले. त्याने पुरावा मागितला नाही; कोणते नाम घेत होता, एवढेच विचारले. हल्ली एकादशीच्या भजनाला तो आमच्यात येऊन बसतो. त्याला काय जाणवते, हे मी कधी विचारलेले नाही.