व्हिडिओ थांबवा, वही उघडा
एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर भौतिकशास्त्र शिकायला सुरुवात करत असाल, तर व्याख्याने दीडपट वेगाने संपवण्याची घाई करू नका. उदाहरण फळ्यावर आले की व्हिडिओ थांबवावा, वस्तूवरील सर्व बलांची आकृती वहीत काढावी आणि उत्तर स्वतः काढल्यावरच पुढे जावे. घर्षणाच्या पाठाला तर फळीवर नाणे ठेवून ती हळूहळू तिरपी करून पाहा (कोन मोजायला मोबाइलही चालतो): नाणे ज्या कोनाला घसरू लागते त्याचे टॅन्जंट म्हणजे स्थितिक घर्षणाचा गुणांक, जो ३० अंशांना सुमारे ०.५८ येतो, आणि समीकरणातून वस्तुमान का गळते हेही तेव्हाच नीट उमगते. साप्ताहिक स्वाध्याय शेवटच्या रात्रीवर ढकलू नयेत. बारावीचे कलन (कॅल्क्युलस) कच्चे असेल, तर आधी तेच उजळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.