फॉलआउट १९९७ : उंदरांच्या गुहेतून पुढे

प्रश्न : ‘फॉलआउट’ ही दूरचित्रमालिका पाहून मी उत्सुकतेपोटी १९९७ सालचा मूळ संगणक-खेळ विकत घेतला. गुहेतल्या उंदरांशी अर्धा तास झटापट केली, निम्मे वार हुकले आणि शेवटी कंटाळून खेळ बंद केला. आजच्या खेळांची सवय असलेल्या माणसाने तो खेळण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अर्थ आहे, मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. उंदरांनी तुम्हाला जो त्रास दिला, त्यात खेळाइतकाच दोष तुम्ही घडवलेल्या पात्राचा असावा. सुरुवातीला ताकद, निरीक्षण, सहनशक्ती, व्यक्तिमत्त्व, बुद्धी, चपळाई आणि नशीब या सात गुणांना प्रत्येकी ५ अंक दिलेले असतात, वर ५ मोकळे अंक आपण हवे तसे वाटायचे असतात आणि १८ कौशल्यांपैकी ३ आपली म्हणून निवडायची असतात. त्यांतली जुगार किंवा वस्तू फेकणे यांसारखी कौशल्ये फारशी उपयोगी पडत नाहीत, हे मात्र खेळ कुठेच सांगत नाही. लढाई पाळीपाळीने चालते, षटकोनी घरांच्या पटावर एक घर सरकायलाही एक अ‍ॅक्शन पॉइंट (एका पाळीत हालचाली करण्यासाठी मिळणारा अंक) खर्च होतो आणि ते पॉइंट किती मिळणार हे चपळाईवर ठरते. तेव्हा चपळाई आणि बुद्धी वाढवा. लहान बंदुका, संभाषण आणि कुलपे उघडणे ही तीन कौशल्ये घ्या. उंदीर मारलेच पाहिजेत असेही नाही. त्यांना चुकवून सरळ गुहेबाहेर पडता येते.

जे खरोखर जुने झाले आहे ते मान्यच करायला हवे. सामानाची यादी एकाच अरुंद रकान्यात वरखाली सरकवत बसावी लागते. सोबत्यांना चिलखत घालता येत नाही, आणि त्यांच्याकडे दिलेली वस्तू परत हवी असेल तर ती सौदा करून किंवा चक्क चोरून घ्यावी लागते. शेडी सँड्स गावात इयन नावाचा सोबती मिळतो. त्याच्या हातात सबमशीनगन देऊन त्याच्यापुढे उभे राहण्याची चूक प्रत्येक जण एकदा करतो, कारण त्याच्या गोळ्यांची फैर शत्रूइतकीच आपल्या पाठीतही शिरते. हाच इयन दारात उभा राहिला, की त्याला बाजूला सारण्याची सोय नाही; ती ‘फॉलआउट २’मध्ये आली. म्हणून खेळ वरचेवर आणि वेगवेगळ्या जागी सेव्ह करत राहा.

एवढे सोसायचे कशासाठी, तर पाण्यासाठी. अणुयुद्धानंतरच्या दक्षिण कॅलिफोर्नियात, २१६१ साली, व्हॉल्ट १३ या भूमिगत निवाऱ्यातील पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नवी शोधून आणायला तुम्हाला १५० दिवस मिळतात. ही चिप नेक्रोपोलिस या घूलांच्या (किरणोत्सर्गाने विद्रूप झालेल्या माणसांच्या) उद्ध्वस्त शहरात सापडते, परंतु तिथल्या रहिवाशांचेही पाणी तिच्यावरच चालते. तुम्ही ती उचलून सरळ निघून गेलात तर खेळ तुम्हाला अडवणार नाही. फक्त मागे राहिलेली माणसे तहानेने मरतील. त्याऐवजी भुयारांतून सुटे भाग शोधून त्यांचा नादुरुस्त पंप सुरू करून दिला, तर चिपही नेता येते आणि त्यांचे पाणीही टिकते. आजचे खेळ अशा जागी पडद्यावर बाण दाखवून ‘पंप दुरुस्त करा’ असे बजावतात. इथे ते तुमच्या लक्षात आले तरच घडते, आणि शेवटी एकेका वस्तीचे पुढे काय झाले हे सांगणारी चित्रे येतात, तेव्हा आपला हिशेब समोर मांडला जातो.

गुणांना दिलेले अंकही नुसते आकडे राहत नाहीत. बुद्धी ३ किंवा त्याहून कमी ठेवलीत, तर तुमचे पात्र हुंकारांपलीकडे फारसे बोलू शकत नाही आणि अनेक माणसे तुम्हाला कामच सांगत नाहीत. उलट संभाषण आणि बुद्धी भक्कम असेल, शिवाय योग्य पुरावा आधी मिळवला असेल, तर अंतिम शत्रूला एकही गोळी न झाडता त्याच्याच योजनेतील फोलपणा पटवून देता येतो. तो पुरावा कोणता, हे इथे सांगून तुमचा आनंद हिरावून घेत नाही. माझ्या मते पंचवीसहून अधिक वर्षांनंतरही हे संभाषण या प्रकारच्या खेळांतील सर्वोत्तम शेवटांपैकी एक आहे.

प्रश्न : दिवसांची मुदत मला धास्तावते. ती काढून टाकता येते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : काढू नका. हब या व्यापारी शहरातून व्हॉल्टकडे पाण्याचे तांडे (आपल्या भाषेत टँकरच म्हणा) पैसे देऊन रवाना केले, की १०० दिवस वाढवून मिळतात. मूळ आवृत्तीत पुढच्या शत्रूला रोखण्यासाठी ५०० दिवसांची आणखी एक मुदत होती आणि हे तांडे पाठवल्याने ती कमी होत असे. नंतरच्या पॅचने (निर्मात्यांनी दिलेल्या दुरुस्तीने) ती जवळजवळ रद्दच केली. पहिली मुदत मात्र तशीच आहे. ती नसती, तर नकाशावर इकडून तिकडे भटकण्याला काही किंमतच उरली नसती.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलाला हा खेळ द्यावा का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : सध्या नको. चित्रे धूसर असली तरी रक्तपात, नशा आणि क्रूरता यांचे चित्रण स्पष्ट आहे. तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला की आधी तुम्ही खेळून पाहा आणि मग ठरवा.