कान तुटलेला कप

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

मन्रोव्हिलला नाटक पाहून अटलांटाला परतताना तू गाडीत मला एक प्रश्न विचारलास : "आई, त्या कोर्टात काळ्या लोकांना वर गॅलरीत बसवायचे, तसे आपल्या मराठी लोकांत कुणाला वेगळे बसवायचे का? आणि आपण त्याचे नाटक करतो का?" मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणाले आणि नंतर टाळत राहिले. उत्तर लहान नाही, म्हणून ते लिहून देते आहे.

आधी आपण काय पाहिले ते आठव. हार्पर ली यांचा जन्म अलाबामातल्या त्याच गावी १९२६ साली झाला, आणि 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही त्यांची कादंबरी १९६० साली आली. खोट्या आरोपात अडकवलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसाचा तीत खटला चालतो आणि तो निर्दोष आहे हे दिसत असूनही ज्युरी त्याला दोषी ठरवते. त्यावरचे नाटक गावकरी गेली अनेक वर्षे स्वतःच करतात. नोकरीधंदा सांभाळून तालमी करणारी अशी माणसे आपल्या हौशी रंगभूमीवरही असतात. पहिला अंक हिरवळीवर झाला आणि दुसऱ्यासाठी सगळे जुन्या कोर्टाच्या दालनात गेलो. ज्युरीच्या बारा खुर्च्यांवर बसायला प्रेक्षकांतून गोऱ्या पुरुषांनाच बोलावले, कारण त्या काळी तिथे तसेच होते. बाबांना का बोलावले नाही, असे तू कुजबुजलीस, तेव्हा तुला ते नाटक समजू लागले होते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. होय, आपल्यातही वेगळे बसवत, आणि कातडीचा रंग एकच असताना, केवळ जन्माच्या जातीवरून बसवत. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचून ठेवलेला असे. आमच्या रानात मोलाने येणारे एक आजोबा दुपारी तो स्वतः काढत, धूत आणि अंगणाच्या कडेला उकिडवे बसत. माझी आजी त्यात उंचावरून चहा ओतत असे. पिऊन झाले की ते कप पुन्हा धूत आणि पालथा करून होता तिथेच ठेवत. मी सात वर्षांची असताना एकदा खेळता खेळता त्या कपातून पाणी प्यायले. आजीने मला मारले नाही. तिने मला अंगणातच उभे करून दोन घागरी पाणी ओतून आंघोळ घातली, आणि ते आजोबा समोर मान खाली घालून उभे होते. ती आजी फार प्रेमळ होती, आणि मला सर्वांत कठीण वाटते ते हेच. त्या ज्युरीतली माणसेही आपापल्या घरी प्रेमळच असतील.

जोतीराव फुले यांनी ही दोन दुःखे फार पूर्वी शेजारी ठेवून पाहिली होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. पुढे १९७२ साली मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा तिचे 'दलित पँथर' हे नावही इथल्या कृष्णवर्णीयांच्या 'ब्लॅक पँथर' या संघटनेवरून घेतले.

नाटकाचे म्हणशील, तर आपल्याकडे जलसे होते. आधी सत्यशोधकांचे, आणि महाडला चवदार तळ्याचे पाणी घेण्याचा सत्याग्रह १९२७ साली झाल्यानंतरच्या काळात आंबेडकरी चळवळीचे. भीमराव कर्डक यांचा जलसा त्यांत नावाजलेला होता. बाज तमाशाचा, ढोलकीही तीच, पण विषय पाणवठ्याचा, देवळाच्या दाराचा, शाळेत जाणाऱ्या पोरांचा. मन्रोव्हिलपेक्षा इथे एक मोठा फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. त्या कादंबरीत टॉमचे दुःख आपल्याला एका गोऱ्या मुलीच्या डोळ्यांतून दिसते, तो स्वतः थोडेच बोलतो. जलशात मात्र ज्यांना गावाबाहेर ठेवले होते तेच उभे राहून गात होते.

नाटक केले म्हणजे गाव सुधारले, असेही समजू नकोस. मन्रोव्हिलमधल्याच एका खुनासाठी वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला १९८७ साली अटक झाली. तो निर्दोष होता आणि १९९३ साली सुटला. गावात या नाटकाचे पहिले प्रयोग होत होते तेव्हा तो फाशीच्या कोठडीत होता. आपल्याकडेही महाडनंतर कित्येक दशकांनी आमच्या वळचणीला तो कप होताच.

त्या आजोबांचे नाव मला ठाऊक नाही, कारण त्यांना सगळे जातीवरूनच हाक मारत, आणि मीही मारली आहे. त्यांच्या घरची माणसे अजून गावातच राहतात. या हिवाळ्यात आपण गेलो की मी त्यांच्या दारी जाऊन नाव विचारणार आहे. तू माझ्याबरोबर येशील का?

तुझी,
आई