वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. सांगलीत दाढ काढायची आहे, आधी अँटिबायोटिक लागेल का?

हो, कृत्रिम झडप असेल तर घ्यायलाच हवं. दाढ काढताना हिरडीतले जंतू रक्तात शिरतात आणि झडपेवर ठाण मांडून बसले तर जिवावर बेततं. मोठ्या माणसाला सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम देतात, एकदाच, अर्धा ते एक तास आधी. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, औषध बदलून देतात.

माझ्या आईचीही झडप बदललेली. पहिल्या दवाखान्यात हृदयाचं कुणी विचारलंच नाही, म्हणून आम्ही उठून मिरजेला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल समोर गिळायला लावल्या आणि तासभर बाकावर बसवलं. तेव्हा ऑपरेशनची फाईल न्याच.

लोक सांगतील, बायपास आणि स्टेंटवाल्यांनीही घ्यावं. नुसत्या त्यासाठी लागत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००७ मध्येच यादी आखडती केली: कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराला किंवा झडपेला झालेला जंतुसंसर्ग), हृदयाचे काही जन्मजात दोष, असे मोजकेच.

आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासून हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा, मगच तारीख घ्या.